खांदेपालट

रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, याचे बाहेरगावच्या माणसाला मोठे नवल वाटते. आम्हां रोहेकरांना त्यात काही विशेष वाटत नाही. ग्रामदैवत म्हणजे गावचा धनी. धन्याला सलामी द्यायची नाही तर कोणाला द्यायची? मला लहानपणापासून नवल वाटत आले आहे ते निराळ्याच गोष्टीचे. पालखी आळीआळीतून हिंडते, ओवाळून घेते, पुन्हा चालू लागते, आणि असे करता करता रात्र उलटून जाते. ज्यांच्या खांद्यांवर ती निघाली त्यांतला एकही खांदा मध्यरात्री तिच्याखाली नसतो. तरी कोणी म्हणत नाही, की ही सकाळची पालखी नव्हे. चालता चालता मागून एकजण येतो, दांडीखाली खांदा घालतो, पुढच्याच्या पाठीवर हलकेच थाप मारतो, आणि पुढचा वाकून बाजूला होतो. पालखी बोटभरही खाली येत नाही. याला खांदेपालट म्हणतात. वर्तमानपत्रांनी हा शब्द मंत्रिमंडळासाठी इतका झिजवला आहे, की आताच्या मुलांना तो मूळचा खुर्चीचा शब्द वाटतो; तो खांद्याचा आहे, हे सांगावे लागते.

त्या दांडीखाली तरुणपणी मी पुष्कळ वर्षे खांदा दिला आहे, म्हणून तिथले एक गुपित मला ठाऊक आहे. दांडीखाली चार माणसे दिसली तरी भार चौघांवर सारखा नसतो. उंच माणसाच्या खांद्यात ती रुतते; बुटक्याचा खांदा तिला नुसता लागलेला असतो. बुटका बिचारा लबाडी करीत नाही. पण लबाडी करायचीच म्हटले तर गुडघे किंचित वाकवले की पुरे. बाहेरून पाहणाऱ्याला ते कधी कळायचे नाही. कळते ते फक्त शेजारच्याला. एका वर्षी अंगात कसर असताना मी हे केले आहे. शेजारचा काही बोलला नाही, वळून पाहिलेही नाही. त्याने दांडी आपल्या मानेकडे जराशी अधिक ओढून घेतली, एवढेच. तो आज हयात नाही.

हे सारे पुन्हा आठवण्याचे कारण माझा भाचा. माझी धाकटी बहीण पेणला दिली आहे. तिचा हा मुलगा घरच्याच माळ्यावर बसून कुठल्याशा कंपनीची नोकरी करतो. मी शिक्षकी केलेला माणूस. नोकरी म्हटली की घंटा, हजेरीपट आणि पायांत चपला, एवढे मला कळते. तेव्हा एकदा मी त्याला स्पष्टच विचारले, “अरे, तू दिवसभर करतोस तरी काय?” तो हसला आणि म्हणाला, “मामा, मी भोयांचा मुकादम आहे.”

त्याची कंपनी कोकणात जाणाऱ्या खासगी गाड्यांची तिकिटे विकते. एरवी बरा धंदा, पण गणपती जवळ आले की मुंबईतले सारे चाकरमानी एकाच घटकेला जागे होतात. रेल्वेचे तिकीट १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी मिळते (पूर्वी एकशेवीस दिवस आधी मिळे), आणि सकाळी आठाच्या ठोक्याला ज्याला ते मिळाले नाही तो आठ वाजून दोन मिनिटांनी खासगी गाड्यांकडे वळतो. ही झुंड एका यंत्राला पेलत नाही. म्हणून सोळा यंत्रे, सगळी एकसारखी, सगळ्यांना तेच काम येते. त्यांना सर्व्हर म्हणा, नोड म्हणा. त्यांच्यापुढे एक दारवान उभा. त्याचे नाव लोड बॅलन्सर. गिऱ्हाइकाला दिसते ते एकच दार आणि एकच पाटी. दारामागे सोळाजण आहेत हे त्याला माहीत नसते, आणि आपले काम सातव्याने केले की अकराव्याने, हे तर कधीच कळत नाही. ही यंत्रे ऐरोली-महापे भागात कोठेतरी आहेत म्हणे. माझ्या भाच्याने त्यांतले एकही डोळ्यांनी पाहिलेले नाही.

ओझे वाटायचे तरी कसे, हा प्रश्न मला वाटला होता तितका सोपा निघाला नाही. सगळ्यात साधा नियम पाळीचा : पहिले गिऱ्हाईक पहिल्याला, दुसरे दुसऱ्याला, सोळावे झाले की पुन्हा पहिला. पंगतीत वाढप्याचा जो न्याय तोच. पण गिऱ्हाइके सारखी नसतात. एकजण तिकीट घेऊन निघून जातो. दुसरा आठ जणांचे कुटुंब घेऊन येतो आणि अर्धा तास जागा बदलत बसतो. पाळीने वाटले की एखाद्याच्या नशिबी ओळीने असेच येतात. मग दुसरा नियम : ज्याच्या हातात या क्षणी सर्वांत कमी काम, त्याला द्या. हा मला फार न्याय्य वाटला. मी तसे बोलूनही दाखवले.

“तसंच आम्हांला वाटलं होतं,” भाचा म्हणाला, आणि त्याने एका रात्रीची हकीकत सांगितली. सोळांतले एक यंत्र आतून बिघडले. ते बंद पडले असते तर सोपे होते. ते बंद पडले नाही; येणाऱ्या प्रत्येकाला ते तत्काळ ‘होणार नाही’ म्हणून परत पाठवू लागले. नकार द्यायला वेळ लागत नाही, त्यामुळे त्याचे हात सदा मोकळे. दारवानाने पाहिले, हा रिकामा दिसतो. दिले त्याला काम. पुन्हा रिकामा, पुन्हा दिले. इमानाने काम करणारी पंधरा यंत्रे आपापले गिऱ्हाईक सांभाळीत राहिली, आणि नवा येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या एकाच नतद्रष्टाच्या दारी जाऊन पडला.

हे ऐकून मला एका कचेरीतले एक टेबल आठवले. कचेरीचे नाव सांगत नाही. त्या टेबलावर कधी एक कागद पडलेला दिसला नाही. तिथला गृहस्थ प्रत्येकाला ‘उद्या या’ म्हणत असे, आणि साहेब त्याच्या स्वच्छ टेबलाचे कौतुक करीत. शेजारच्या टेबलावर फायलींचा डोंगर, कारण त्या टेबलावरचा माणूस कागद वाचत असे. मोकळा हात आणि रिकामा हात यांत भेद आहे. तो ओळखायचा तर काम किती आहे एवढे मोजून चालत नाही, ते कसे होते तेही पाहावे लागते; आणि पाहणे हे मोजण्यापेक्षा नेहमीच महाग असते.

मग सर्वांचे सर्व काही पाहत बसायचे का? तेही साधत नाही. यंत्रे हजारांनी असली तर प्रत्येकाची खबर घेईपर्यंत ती खबर शिळी होते. यावर १९९४ साली योसी अझर, आंद्रे ब्रोडर, अ‍ॅना कार्लिन आणि एली उपफाल या चौघांनी एक गणित मांडले. डोळे मिटून एक यंत्र निवडले तर कोणावर तरी फार मोठा ढीग साठतो. सगळ्यांना विचारत बसणे तर परवडत नाही. पण डोळे मिटून दोन निवडा, आणि त्या दोघांत ज्याचे ओझे कमी त्याला काम द्या. एवढ्याने तो मोठा ढीग आश्चर्य वाटावे इतका उतरतो. तिसऱ्याला विचारून आणखी लाभ होतो, पण थोडा. खरी तफावत एक आणि दोन यांच्यातच आहे. आमच्या शाळेत कोणतेही जादा काम निघाले की मुख्याध्यापकांच्या तोंडी एकच नाव येई. ते दुष्ट नव्हते. दुसऱ्या एकाला विचारून पाहावे असे त्यांना सुचत नसे, इतकेच.

पण सगळीच कामे अशी वाटता येतात का? पेणमध्ये राहणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच नको. आषाढ-श्रावणात हमरापूर-जोह्याच्या बाजूला जा. घराघरांतून कारखाने. एकजण साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा जोड बुजवतो, तिसरा घासतो, चौथा अंगाला रंग देतो. आजचा मनुष्य उद्या आला नाही तर त्याच्या जागी दुसरा बसतो, आणि मूर्तीला त्याचा पत्ता लागत नाही. हे सारे नोडच. पण डोळ्यांची आखणी ज्याच्या हातची असते तो कारखान्यात एखादाच. शेवटच्या पंधरवड्यात शेकडो गणपती रंगून तयार, आणि सारे त्या एकाची वाट पाहत बसलेले, डोळ्यांवाचून. त्याचे काम चौघांत वाटावे तर चार प्रकारची नजर होते. भाच्याच्या शास्त्रात असे अडून राहणारे माणूस वा यंत्र ठेवणे हा दोष मानतात : जे एकाच्याच स्मरणात आहे ते काढून सर्वांना सारखे हाताळता येईल अशा ठिकाणी ठेवा, म्हणजे कोणाचेच अडणार नाही. यंत्रापुरते ते खरे असेल. त्या म्हाताऱ्या कारागिराचे स्मरण मनगटात आहे. ते काढून कोठे ठेवणार? आणि ठेवता आले तरी त्याने ते द्यावे, असे सांगण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही पेणचेच आहे. वाशी, वढाव, दादर ही खारेपाटातली गावे. समुद्राच्या भरतीला बांध घालून अडवायचे आणि बांधाच्या आत भात पिकवायचे, ही तिथली पिढीजात शेती. उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. या बांधांची निगा पूर्वी जोळीने राखीत. जोळ म्हणजे बांधामागच्या शेतकऱ्यांनी मिळून अंगमेहनतीने बांध राखणे. उधाणाच्या रात्री कंदील घेऊन माणसे बांधावर. कारण बांधाला एके ठिकाणी खांड पडली, तर जिथे पडली तिथलेच शेत बुडते असे नाही. पाणी आत शिरले की सगळ्यांच्या शेतात शिरते, आणि खार बसलेली जमीन एका पावसाने गोडी होत नाही. पुढे १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा आला, १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. बांध सरकारी योजनेत गेले. दगडमातीचा खर्च शेतकऱ्याच्या कुवतीबाहेरचा होता, तेव्हा त्यात गैर काही म्हणता येत नाही. पण जोळ मोडत गेली. बांध सगळ्यांचा होता तोवर प्रत्येकाचा होता. तो कोणातरी एकाचा झाला आणि बाकीच्यांचा राहिला नाही. ‘बारभाईची शेती, काय लागे हाती’ ही म्हण मी मुलांना पुष्कळ वर्षे शिकवली. जोळीपुढे ती म्हण टिकत नाही, हे मला निवृत्त झाल्यावर समजले.

खांड पडल्यावर जे होते तेच त्या सोळा यंत्रांत होते. एक पडले की त्याचे ओझे नाहीसे होत नाही. ते उरलेल्या पंधरांवर येते. ती जर आधीच गळ्याशी आलेली असली तर दुसरे पडते, मग चौदांवर, आणि असे भराभर सारेच आडवे होतात. म्हणून जाणते लोक अकरा पुरतील तिथे सोळा ठेवतात. हिशेबनिसाला हे पटत नाही. पाच यंत्रे फुकट बसून खातात, असे तो म्हणतो. त्याला उत्तर म्हणून भाच्याने मला एक गणित करून दाखवले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली या रांगांच्या शास्त्राचा पाया घातला, त्यातलेच हे. खिडकीवर एक माणूस बसला आहे, गिऱ्हाइके केव्हाही येतात. तो निम्मा वेळ कामात असेल तर एका गिऱ्हाइकाला रांगेसकट सरासरी लागणारा वेळ निव्वळ कामाच्या दुप्पट. तो शंभरांतला नव्वद वेळ कामात असेल तर दसपट. पंच्याण्णव वेळ, तर वीसपट. नव्वदीवरून पंच्याण्णववर गेल्याने हिशेबनिसाच्या वहीत पाच अंश नफा. रांगेतल्या माणसाचे उभे राहणे मात्र दुप्पट.

येथवर सारे शास्त्र आहे, आणि ते मला आवडले. खरा घोटाळा पुढे आहे.

रात्री त्या यंत्रांवर नजर ठेवायला कंपनीत पाच माणसे होती. पाचांची दोन झाली. यंत्रे सोळाची सोळाच राहिली, कारण अकरांवर आणणे धोक्याचे, हे सर्वांना मान्य होते. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्या दोघांतला दुसराही सोडून गेला, आणि माझ्या भाच्याने सतरा रात्री एकट्याने काढल्या. अठराव्या दिवशी तो जिन्यातच बसला आणि त्याला उठवेना. यंत्राच्या बाबतीत जे पाप, ते माणसाच्या बाबतीत काटकसर कसे ठरते? मी हे त्याला विचारले नाही. विचारण्याची ती वेळ नव्हती.

कंपनीने वाईट वागवले असेही नाही. दुसऱ्या शहरातून एकाला त्याच्या जागी बसवले, औषधपाण्याची चौकशी केली, विश्रांती घ्या म्हणून कळवले. त्याला लागले ते निराळेच. अंथरुणात पडल्या पडल्या तो मला म्हणाला, “मामा, मी नव्हतो तरी काहीच अडलं नाही.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ते दुःखाचे वाक्य आहे की सुटकेचे? माणसाला आपल्यावाचून अडावे असे वाटते, आणि आपल्यावाचून अडू नये असेही वाटते, दोन्ही खरे. ज्याच्यावाचून अडते त्याला आजारी पडण्याची सोय नाही, बहिणीच्या लग्नाला जाण्याची सोय नाही. त्या डोळे आखणाऱ्या कारागिराला विचारा, श्रावणात तो कधी कोणाकडे जेवायला गेला आहे का. आपली जागा दुसऱ्याला घेता येते, ही एक प्रकारची दयाच आहे. पण ती दया कोणत्या रीतीने मिळते यावर सारे आहे.

या धंद्यात २०१२ च्या सुमाराला अमेरिकेतून एक दाखला रूढ झाला. पूर्वी यंत्रांना नावे असत, ती आजारी पडली की लोक रात्रभर जागून त्यांची शुश्रूषा करीत. ती पाळलेल्या मांजरासारखी. आता त्यांना नुसते आकडे, आजारी पडले की गोळी घालायची आणि दुसरे आणायचे, ती गुरांसारखी. भाच्याने हे सांगितले तेव्हा त्याची आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तिने मान वर करून विचारले, “कुठल्या गावची रे गुरं ही? गुरांना नावं नसतात होय?” तिच्या माहेरच्या गोठ्यातल्या सात गाईंची नावे तिने तिथेच म्हणून दाखवली. त्यांतली कपिला १९६१ च्या पावसाळ्यात मेली, हेही सांगितले. अमेरिकेतला तो दाखला माझ्या मते यंत्रांना लागू असेलही. गुरांना तो लागू नाही एवढे नक्की, आणि गुरांना नाही तर माणसांना कुठून?

पण त्याच शास्त्रात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे मी हात जोडतो. एखादे चांगले यंत्र दुरुस्तीसाठी बाजूला काढायचे असेल तर त्याला एकदम ओढून काढीत नाहीत. दारवान त्याला नवे काम देणे थांबवतो. हातात असलेली गिऱ्हाइके त्याला पुरी करू देतो. शेवटचे गिऱ्हाईक उठून गेले, की मग ते निवांत बाहेर. तोवर त्याचा वाटा दुसऱ्यांनी उचललेला असतो. मी निवृत्त झालो त्या दिवशी चौथ्या तासाला सहावीच्या वर्गात एक कविता अर्धी शिकवून झाली होती. शिपाई निरोप घेऊन आला, की समारंभाला पाहुणे आले आहेत, चला. हार घातला, नारळ दिला. ती कविता त्या मुलांना पुढे कोणी पुरी केली का, हे मला माहीत नाही. यंत्राला जी सभ्यता दाखवतात ती कोणीतरी माणसाने योजलेली आहे. ती कोणाकडे पाहून त्याला सुचली असेल?

त्यानंतरच्या दसऱ्याला भाचा रोह्याला आला. अंगात अजून पुरते त्राण नव्हते, पण पालखीला खांदा द्यायचाच म्हणाला. मी आता गुडघ्यांमुळे ओटीवर बसून पाहणाऱ्यांतला झालो आहे. आमच्या आळीच्या तोंडाशी तो दांडीखाली शिरला. पोरगा उंच आहे, आमच्या घराण्यात सर्वांत उंच. दांडी त्याच्या खांद्यात रुतलेली मला ओटीवरून दिसत होती. तीस-चाळीस पावले झाली असतील, तोच मागून एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला. त्याने दांडीखाली खांदा घातला आणि भाच्याच्या पाठीवर थाप मारली. भाचा हलला नाही. मुलाने पुन्हा थाप मारली. तेव्हा त्याने चालता चालताच मान किंचित मागे वळवली आणि विचारले,

“धरलीस?”

“धरली.”

“पुरती?”

“पुरती धरली, दादा. सोडा तुम्ही.”

मग तो वाकून बाहेर आला, खांदा चोळीत ओटीवर येऊन बसला, आणि त्याने माझ्याकडे पाणी मागितले.